मागेल त्याला मदतीची फ्लॉपी

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी काल मी तुमच्यावर पुन्हा चिडलो. लेकीच्या नव्या लॅपटॉपवर कसलंसं सॉफ्टवेअर चढत होतं. मध्येच त्यानं विचारलं, मदतीची पानं ऐच्छिक आहेत, हवीत का? ती सहज ‘नको’ दाबायला गेली आणि मी "अगं थांब!" म्हणून असा ओरडलो की पोरगी दचकलीच.

मी तुमच्या हाताखाली होतो ते दिवस डोळ्यांपुढे आले. मे महिना आहे, जिल्ह्याच्या अख्ख्या ऑफिसात थंड खोली एकच, आपली कॉम्प्युटरची. तालुक्याच्या ऑफिसांना मशीन मिळालंय, पण डिस्क एवढीशी. सगळी ऑपरेटिंग सिस्टीम चढवली तर नोंदींना जागाच उरत नाही. म्हणून तुम्ही तिचे भाग पाडलेत, काही फ्लॉप्या सगळ्यांना, बाकीच्या ऐच्छिक. छपाईचा भाग ऐच्छिक, ठीक आहे. पण कुठली आज्ञा कशी द्यायची हे सांगणारी पानंही ऐच्छिक? मी विचारलं तर बशीत चहा ओतत तुम्ही म्हणालात, "काहून गा, तुले लागते का ते? ज्याले लागन तो मागन. एसटीनं पाठवून देऊ." अहो, तुम्हाला लागत नव्हतं, कारण तुम्हाला सगळं पाठ होतं! ज्याला येतं त्यानंच ठरवायचं का, न येणाऱ्याला काय नको ते?

तालुक्याच्या त्या ऑपरेटरबाई आठवतात? चार दिवसांचं ट्रेनिंग, मग एकट्या. महिनाअखेरीस डिस्कवरच्या नोंदी फ्लॉपीवर उतरवायच्या होत्या. त्यांनी ‘कुठून’ आणि ‘कुठे’ उलटं दिलं. कोरी फ्लॉपीच डिस्कवर उतरली, महिन्याच्या नोंदी साफ. चौकशीत तुम्ही त्यांना बसासुद्धा म्हणाला नाहीत. "सर, तिथं विचाराले कोणीच नाही ना," त्या म्हणाल्या. "मंग फ्लॉपी काहून नाही मागितली, बाई?" तुम्ही सगळ्यांसमोर गरजलात. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, मशीनला पुन्हा हात लावू दिला नाही. एवढी हुशार बाई! आजही संताप होतो माझा.

पण सर, त्यांनी मागितली होती. दोनदा ट्रंक कॉल केला, मलाच. "सोमवारच्या एसटीनं पाठवतो, बाई," म्हणालो आणि विसरलो. चौकशीत त्यांनी तसं सांगितलं, तुम्ही माझ्याकडे वळून "मागितली होती का गा?" विचारलंत, तेव्हा मी "नाही सर" म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं. त्या बाई इथंच आहेत, हुडकेश्वरला. त्यांना लिहायची माझी हिंमत नाही.