वृत्तात न बसलेलं नाव

इंदूर, ता. ९ जून १९५२

चि. रमा,

अण्णाचे आशीर्वाद. कुमुदचं लग्न पार पडलं, तू उज्जैनला परतलीस, पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली.

मी रचलेल्या मंगलाष्टकांचा छापील कागद बघून तू विचारलंस, "अण्णा, सगळे मामा-काका आहेत, आत्या कुठंय रे?"

"अगं, तुझं नाव वृत्तात बसेना."

"तुझं वृत्त म्हणजे टांगाच आहे भिया, चार सवाऱ्या झाल्या की बस्स!" असं आपल्या इंदुरी बोलीत म्हणून तू हसत पुऱ्या लाटायला गेलीस.

रमा, मी खोटं बोललो. कुमुदची आई गेल्यावर माझ्या पोरीला तूच वाढवलंस, म्हणून तुझं नाव मी सर्वांत आधी घातलं होतं. व्याही म्हणाले, "शुभकार्यात विधवेचं नाव नको." मी मुकाट्यानं खोडलं.

अंतरपाट धरला, भटजी "कुर्यात् सदा मंगलम्" म्हणू लागले, आणि मी मनात मापं ताडून पाहिली. 'रमा' आणि 'सदा' एकाच मापाचे, आधी ऱ्हस्व, मग दीर्घ. आठही कडव्यांत तुझ्यापुरती जागा होती. तू मात्र स्वयंपाकघराच्या दाराआडून अक्षता टाकत होतीस.

आज तुझं कार्ड आलं. तो कागद तू देवघरात ठेवलास, आल्यागेल्याला दाखवतेस, "माझ्या अण्णानं रचलंय." हे पत्र वाचलंस तर तो तिथून काढशील. म्हणून हे माझ्याच पेटीत ठेवतोय.

तुझा लबाड भाऊ,
अण्णा