मीच बसवलेली दारं

ताई,

तू स्वयंपाकाला राहतेस त्या बंगल्याची दारं तुझ्या भावाने बसवली, हे तू कौतुकाने सांगत फिरतेस. आता सांगू नकोस. वीज गेली की ती दारं आपोआप बंद होतात आणि आतूनही उघडत नाहीत. मालकांना तसंच हवं होतं. म्हणाले, "बाहेर दंगा झाला तर नोकरच आधी दार उघडून देतात." मी मान डोलावली आणि स्क्रू पिळत राहिलो.

आपल्या गल्लीतला दवाखाना पाडून त्यांनी हेलिकॉप्टर उतरवायला जागा केली. गेल्या आठवड्यात शेजारच्या वायरमनच्या बायकोला लांबच्या दवाखान्यात नेत होते, ती वाटेतच गेली. तिच्या चपला अजून दारात आहेत.

काल तो वायरमन आला. "शुक्रवारी दुपारी बंगल्याची लाइन तोडतोय. अख्खी गल्ली येणार आहे. दारं उघडतील ना रे?"

मी खरं ते सांगितलं.

"मग बरंच झालं," तो म्हणाला. "आतलं कुणी निसटणार नाही."

आत माझी बहीण आहे, एवढंही माझ्या तोंडून फुटलं नाही.

तुला कळवू तरी कसं? मालक तुम्हाला महिना-महिना बाहेर सोडत नाहीत, फोन काढून घेतात, पत्रं फाटकावरच फोडून वाचतात. हे त्यांच्या हाती लागलं तर गल्ली तुरुंगात जाईल. म्हणून पत्र खिशातच राहणार.

शुक्रवारी सगळ्यांच्या पुढे मी असेन, स्वयंपाकघराचं दार फोडायला. आतून तुला घणाचे घाव ऐकू येतील, आणि तू माझ्यापासूनच लपशील.

तुझा,
धाकटा