पश्चिमेच्या भिंतीची खिडकी

अन्स्ट, शेटलंड
४ सप्टेंबर १९०८

चि. गिडियन यास ओस्लाताईचे अनेक आशीर्वाद.

आईचे पाय थांबलेत, जीभ मात्र जोरात चालू आहे. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसणं कठीण. तिचा हट्ट एकच: पश्चिमेच्या भिंतीला खिडकी पाड, पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी तूच कबूल करून गेलास. तुझ्या त्या शब्दकोशाच्या कचेरीतून सुटका होत नसेल तर निदान काच धाड.

तुझी ताई

एडिंबरा
१५ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

योग बघ, सध्या माझ्या टेबलावर 'विंडो' शब्दाची वाक्यं उतरवलेल्या चिठ्ठ्यांचीच चवड आहे! इंग्रजांना हा शब्द आपल्या नॉर्स पूर्वजांनी दिला. मूळ 'विंडाउगा', म्हणजे वाऱ्याचा डोळा. तेव्हा काच कुठली? भिंतीला नाहीतर छपराला भोक, धूर बाहेर, वारा आत. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता, तो मेला, आपला टिकला. आई हा शब्द कसा वापरते, तिचं एखादं वाक्य लिहून धाड ना. काचेचं बघतो. कोशातलं हे 'डब्ल्यू' अक्षर संपलं की रजा नक्की.

गिडियन

अन्स्ट
२ ऑक्टोबर

चि. गिडियनास आशीर्वाद.

काच मागितली तर पोरानं शब्द धाडला, म्हणून आई खोकला येईस्तोवर हसली. मग डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोपली. तर म्हणाली, बिनकाचेचीच असायची ना, मग वाट कशाची बघताय? शेजारच्या रास्मीनं दिवसभर खपून दगड काढले. आता आई तासन्‌तास समुद्राकडे बघत असते. आम्हाला न दिसणाऱ्या बोटी तिला दिसतात. वारा सुटला की मी शाल घेऊन धावते, तर म्हणते, राहू दे गं, बघू दे त्याला मला.

वाक्य हवं होतं ना? घे: 'माझ्या विंडोला काच गिडियनच बसवेल, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.'

ताई

एडिंबरा
१२ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

काच गवतात गुंडाळून कालच्या बोटीनं धाडली. आईचं वाक्य चिठ्ठीवर उतरवलं. खाली बोलणाराचं नाव लिहायचं असतं, तिथे हात थांबला. दोन वर्षं मी काय करत होतो गं? उठून रजा मागितली. चोवीस तारखेला निघतो. तेवढं थांब म्हणावं तिला.

गिडियन

अन्स्ट
१९ ऑक्टोबर

चि. गिडियन,

आई आज सकाळी गेली.

तुझं पत्र तिला शनिवारी वाचून दाखवलं होतं. चोवीस ऐकून म्हणाली, सावकाश ये म्हणावं, समुद्र खवळलाय.

आपल्याकडे माणूस गेलं की जिवाला वाट म्हणून खिडकी उघडतात. मीही सवयीनं उठले. उघडायला काही नव्हतंच. तिथेच उभी राहून रडले.

काच धड पोचली. रास्मी बसवायला निघाला होता, मी बसवू दिली नाही. घरात फार गार आहे. तू ये, बाळा.

ताई