हिवाळ्याच्या पेटीचं झाकण

कानाझावा, २ डिसेंबर

प्रिय दादा,

चार वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. हेही टपालात टाकेन असं वाटत नाही.

बाबांच्या नावावरची चार ऋतूंची लटकती चित्रं मठाला दिली. परवा मठाचे गुरुजी चार लाकडी पेट्या घेऊन आले. म्हणाले, "सुमिएताई, चित्र कोणाचं ते झाकणावर तुम्हीच लिहा. पोटच्या पोरीने लिहिलं, की पुढे कोणी शंका घेत नाही."

तीन झाकणं सहज झाली. चौथं हिवाळ्याचं. बाबा बर्फ कधी रंगवत नसत, कोरा कागद तसाच सोडत. या चित्रात पाइनच्या फांद्यांवर पांढरा रंग आहे. तो तुझा. त्या वर्षी बाबांचा हात चालत नव्हता, चित्र तू काढलंस, शाई मी घोटली. बाबांनी त्यावर स्वतःचा शिक्का मारला आणि तू ओसाकाला निघून गेलास.

आई म्हणाली, "लिही गं बाबांचं नाव. तुझा दादा काय भांडायला येणारे? नवीन वर्षाला तरी फिरकतो का?"

मी लिहिलं. आईसाठी लिहिलं असं म्हणता येईल, पण तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली होती. चार झाकणं एकसारखी दिसावीत, एवढंच माझ्या मनात होतं.

शाई लाकडात मुरली आहे, पुसून जात नाही. गुरुजी शुक्रवारी पेट्या न्यायला येतील.

तुझी,
सुमिए

उद्या: हिवाळ्याचं झाकण सुताराकडून रंधा मारून आणणे.