तुकड्या-तुकड्याने निहार

३ नोव्हेंबर, धुळे
आलो बुवा एकदाचा! जामनेरचा गडी धुळ्यात नोकरीला लागला. कंपनी शेतकऱ्यांना शेतीचे व्हिडिओ पुरवते आणि मी तिच्या सर्व्हरचा राखणदार. माझे साहेब हेमराजभाऊ यांनी पहिलाच धडा दिला. मोठी फाइल कोणी उतरवली की सर्व्हर एक ओळ लिहून ठेवतो. अख्खी गेली तर आकडा २००, तुकडा गेला तर २०६. नवखा माणूस एकेका तुकड्याला एकेक माणूस धरतो आणि केळीचा व्हिडिओ बघायला सगळा खानदेश लोटला म्हणून नाचतो, असं सांगून ते पोट धरून हसले. तुकड्यांची बेरीज करायची, तेव्हा कळतं फाइल पुरी गेली की नाही.

१० नोव्हेंबर
काल जामनेरला घरी आमच्या पोराचं बारसं झालं. बाळाचं नाव निहार. आधीची दोन हाती लागली नाहीत, म्हणून मायने याला जन्मल्याबरोबर घटकाभर उकिरड्यावर ठेवलं आणि उखर्डू म्हणायला लागली. न्यायला येणाऱ्याला पोर टाकाऊ वाटावं म्हणून. मला बजावलं, "त्याले उखर्डूच म्हन. चांगलं नाव भायेर जाऊ देऊ नको." आता काय बोलावं हिच्यापुढे! मी बारशाचा व्हिडिओ 'निहार' नावाने सर्व्हरवर चढवला आणि पाव्हण्यांना लिंक धाडली.

१४ नोव्हेंबर
पाव्हण्यांनी बारसं पाहिलं, २००, २००. एकजण मात्र तुकडे नेतोय. ओळीत नेणाऱ्याचा पत्ता उमटतो, याच्या पत्त्याच्या जागी नुसती रेघ. पिंपळनेरचा छगनमामा असणार, त्याच्याकडे रेंजची कायम बोंब. बायको, सुलक्षणा, सांगत होती की बाळ दूध ओढत नाही. सर्दी झाली असेल.

२१ नोव्हेंबर
मामाने लिंक उघडलेलीच नाही. हेमराजभाऊ म्हणतात, पत्ता रिकामा राहूच शकत नाही. बाळाचं रडणं थांबलंय, जळगावच्या डॉक्टरांना काही सापडत नाही. मी ओळी ताडून पाहिल्या. एक तुकडा गेला, दूध सुटलं. दुसरा गेला, आवाज गेला. मला भीती वाटते आहे. फाइल पुसतो म्हटलं तर सुलक्षणा हुंदके देत म्हणाली, "त्याचा आवाज आता तेवढाच उरलाय हो, तो नका पुसू." फाइल तशीच राहू दिली.

२४ नोव्हेंबर
बाळ आता कोणाकडे बघत नाही. बेरीज केली, निम्म्याहून जास्त गेलंय. शेवटी मायचं ऐकलं. फाइलचं नाव बदलून 'उखर्डू' केलं. घरातही सगळे उखर्डूच म्हणतात.

२५ नोव्हेंबर
एकही तुकडा गेला नाही. बाळ रडलं! सुलक्षणाने फोन त्याच्या तोंडाशी धरला. मी ऑफिसात सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

२६ नोव्हेंबर
ओळ आली. रेघ. 'निहार' मागितलं. आकडा ३०१ — म्हणजे नाव बदललंय, नवं नाव हे घ्या. आणि लगेच खाली — 'उखर्डू', २०६.
नाव बदललं की जुन्या लिंकवर नवं नाव सांगायची सोय करायची, ही इथली कामाची रीत. परवा सवयीने केली. मायने लपवलेलं पोर — मीच बोट दाखवून —

२७ नोव्हेंबर
फाइल पुसली, सुलक्षणाला न विचारता. सर्व्हरवर आता काही नाही. तरी २०६. तरी २०६.
बाळ हलत नाही म्हणे. थोडंच राहिलंय. व्हिडिओत शेवटी आत्या कानात नाव सांगते, तेवढंच —

२७, दुपारी
वायर उपटली. सर्व्हर बंद. पडदा काळा — तरी ओळ उमटते आहे. रेघ — उखर्डू —
बेरीज पुरी झाली.
फोन वाजतोय. सुलक्षणा. मी उचलणार नाही. उचलला नाही तोवर तरी बाळ —