गर्डर चढवताना काकू दिसली

सातारा, गुरुवार

ती. आईस आकारामचा नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिवतोय. अंजनाकडून वाचून घे. अंजना, मधलं काय गाळू नको.

शेवंताकाकूनं अंजनाला फोन करून तुला घाबरवलं असंल. काल हायवे थांबवून आमी पादचारी पुलाचा गर्डर चढवत होतो. अडवलेल्या गाड्यांत कडेगावची एसटी सगळ्यात पुढं, आन् खिडकीत काकू! "आकाराम, खाली उतर रं!" म्हणून वरडली. सगळी एसटी बाहेर डोकावली. क्रेनवालाबी हसला.

आई, ती सांगती तेवढं उंच न्हाई. कमरंला पट्टा असतो, तो लोखंडाला अडकवलेला असतो. गर्डर बसलाय, बोल्टबी आवळलेत. आता पलीकडच्या दवाखान्यात जायला म्हाताऱ्या माणसांना गाड्यांमधनं पळावं लागणार न्हाई.

तुझा गुडघा कसा हाय? उसाला तोड आली का?

काकू लय रुसली असंल. तिनं किती हात हलवला, मी काय हलवला न्हाई. तिला सांग, वर असताना मी हात सोडत न्हाई. निघताना तू तेवढंच मागितलं होतंस.

तुझा पोरगा,
आकाराम