शिंप्यापेक्षा बरं

प्रिय दादा,

फोन बाबांच्या उशाशीच असतो, म्हणून हे लिहून कळवते आहे.

दर रविवारी तू फोनवर विचारायचास, 'बाबा, कसं काय?' आणि ते सांगायचे, 'शिंप्यापेक्षा बरं.' आपण तिघंही हसायचो. हे उत्तर आपण त्यांच्या तब्येतीची बातमी म्हणूनच घेत आलो. इमारतीखाली बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची ती रीतच होती. सकाळी जमायचं आणि जो आला नाही त्याच्यावरून आपली तब्येत जोखायची. बाकावरच्या शिंप्याला आता भरवावं लागतं, बाबा आपल्या हातानं जेवतात, म्हणजे बाबांचं झकास. डॉक्टरांनी पोटाची तपासणी सांगितली तेव्हाही त्यांनी शिंप्यालाच पुढे केलं आणि ती टाळली. शिंपी गेल्यावर ड्रायव्हरकाका होते, त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. तेही गेले. आता बाबांच्या खाली कुणी उरलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलंय, पण बाबांच्या तोंडून 'बरं' ऐकलं की तुला ते खरं वाटत नाही.

परवा बाकावरचे मास्तर आणि पोस्टमनकाका भेटायला आले. मास्तरांनी उशी सारखी केली. 'लवकर खाली या, तुमची जागा किती दिवस अडवून धरू?' म्हणत पोस्टमनकाकांनी चिडवलं. बाबाही हसले. मग दाराबाहेर चपला घालताना पोस्टमनकाका म्हणाले, 'मास्तर, आपलं बरंच चाललंय म्हणायचं.' त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे बोलतात मोठ्यानं.

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. बाबांना कूस बदलून देताना मीही मनात म्हणते, ऑफिसातल्या बाईंच्या आईचं तर याहून वाईट आहे. तेवढ्यानं मला धीर येतो. यात चूक किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते दोघं गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, 'उद्यापासून कुणाला आत सोडू नकोस. लोकांना बरं वाटावं म्हणून मी इथं पडलो नाहीये.' मी हसले. ते हसले नाहीत.

दादाला बोलावून घेते, असं मी म्हटलं. तर म्हणाले, 'नको. तोही बघून जाईल.'

त्यांनी नको म्हटलेलं असताना हे पत्र पाठवते आहे. सुट्टीची वाट बघू नकोस. नुसतं बघून जाणार असशील, तर राहू दे. शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहणार असशील, तर पत्र मिळताच नीघ.

तुझीच,
धाकटी